पैसे मंजूर करणाऱ्याने डेमोला बसावं

चाकणच्या एका कारखान्यातलं डिस्पॅच सेक्शन. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर ट्रकची रांग, आत कोपऱ्यातल्या टेबलावर आमची नवी प्रणाली उघडून ठेवलेली. त्या टेबलावर अठरा वर्षं काम केलेल्या क्लार्कना आम्ही ती पहिल्यांदाच वापरायला दिली होती. पहिल्याच स्क्रीनवर त्यांचा हात थांबला.

"मॅडम, हे गाडीचा नंबर मागतंय."

"हो, टाका ना."

"गाडीचा नंबर मला साडेचारला कळतो, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की. इन्व्हॉइस मी दोनपासून काढत बसतो. नंबराशिवाय हे पुढेच सरकत नाही."

सात महिने चाललेल्या कामातली मूळ चूक सापडायला दहा मिनिटं लागली. गेट पास, इन्व्हॉइस, मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल हे सगळं आम्ही गाडीच्या नंबराभोवती गुंफून ठेवलं होतं. ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवरसुद्धा मालाची माहिती आधी आणि गाडीचा तपशील नंतर भरता येतो. आमच्या प्रणालीत ती सोय नव्हती. सगळं उसवून पुन्हा शिवायला अडीच महिने गेले.

त्या सात महिन्यांत दर महिन्याला पुण्याच्या ऑफिसात प्रकल्पावर देखरेख ठेवणारी स्टिअरिंग कमिटी भरत होती. तिच्यापुढची स्लाइड मी बनवायचे. डिस्पॅच मॉड्यूलसमोर सातही महिने हिरवा ठिपका होता. मी खोटं लिहीत नव्हते. स्प्रिंट, म्हणजे दोन-दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे, वेळेत संपत होते, त्यांत घेतलेल्या स्टोरी, म्हणजे छोटी छोटी कामं, पूर्ण होत होत्या, टेस्टिंगमध्ये बगही थोडे निघत होते. कमिटी जे विचारायची त्याचं खरं उत्तर हिरवंच होतं. "ज्यांना हे वापरायचंय त्यांनी चालवून पाहिलंय का?" हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून तो विषय काढला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एका गोष्टीसाठी भांडत आले आहे. ज्याच्या सहीने पैसे सुटतात त्याने चालू सॉफ्टवेअर दर दोन-तीन आठवड्यांनी समोर बसून पाहावं, आणि पुढचे पैसे सोडायचे की थांबवायचे हे पाहून झाल्यावर ठरवावं. ॲजाइल म्हणजे थोडं थोडं बनवून, दाखवून, त्यावरून पुढचं ठरवत जाण्याची पद्धत. अशा प्रकल्पावरचं नियंत्रण म्हणजे माझ्या लेखी एवढंच. अहवाल, आकडे, समित्या यांनी या कामाला मदत करावी. त्याची जागा त्यांना घेता येत नाही.

आमच्या धंद्यात या बाबतीत दोन टोकं दिसतात. एकीकडे टीमचे लोक म्हणतात, "आम्ही ॲजाइल आहोत, आम्हाला प्लॅन विचारू नका, तारीख विचारू नका." दुसरीकडे मॅनेजमेंटला वाटतं, नावं बदलली तरी कारभार जुनाच ठेवावा: वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या कामाची यादी, शेवटची तारीख, पूर्ण रक्कम, आणि मधे दर महिन्याला टक्केवारी. दोन्हीही आधाराला ॲजाइलचा जाहीरनामा घेतात, आणि दोन्हीही तो अर्धाच वाचतात. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी तो लिहिला. ठरलेल्या प्लॅनला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं, असं त्यात आहे. पण प्लॅन, करार, कागदपत्रं यांनाही मोल आहे, हेही तिथेच शेवटी स्पष्ट लिहिलेलं आहे. पैसे दुसऱ्याचे असताना हिशोब मागू नका असं त्या 17 जणांपैकी कुणी म्हटलेलं नाही.

एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा देते, कारण तिथे एकाच संस्थेने तेच काम तीन वेळा करायला घेतलं. काम होतं कागदी केस फाइली बंद करून तपासाची सगळी माहिती एका प्रणालीत आणण्याचं. पहिला प्रयत्न 'व्हर्च्युअल केस फाइल'. काय काय हवं याचं बाडच 800 पानांहून मोठं होतं. 2005 मध्ये तो प्रकल्प गुंडाळला, तोवर सुमारे 17 कोटी डॉलर गेले होते. मार्च 2006 मध्ये 'सेंटिनल' नावाने नवं कंत्राट दिलं गेलं. चार टप्पे ठरले, आणि बजेट पुढे 45.1 कोटी डॉलरपर्यंत गेलं. या वेळी देखरेख कमी पडू द्यायची नाही असं ठरलं होतं, अहवालांना तोटा नव्हता. तरी ऑगस्ट 2010 पर्यंत 40.5 कोटी डॉलर खर्च होऊन चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने अंदाज दिला की याच रीतीने पुढे गेलं तर आणखी किमान 35.1 कोटी डॉलर आणि सहा वर्षं लागतील.

मग एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे 220 वरून 40 वर आणली. दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले, आणि प्रत्येकाच्या शेवटी चालणारी गोष्ट दाखवायची असा नेम केला. 1 जुलै 2012 ला सेंटिनल सुरू झालं, ठरलेल्या 45.1 कोटींच्या आत.

ही गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात आणि ॲजाइल जिंकलं म्हणतात. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे कुणीतरी काम थांबवलं. हाती आलेल्या भागात गंभीर दोष दिसल्यावर मार्च 2010 मध्ये काही कामाला स्थगिती मिळाली, जुलैमध्ये उरलेल्या टप्प्यांना. नव्वद टक्के पैसे खर्च झाल्यावर 'थांबा' म्हणायला मोठी छाती लागते, कारण तसं म्हणणाऱ्यावरच आधी बोट रोखलं जातं. दुसरी गोष्ट ऑक्टोबर 2011 मधली. शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी प्रणाली चालवायला बसवलं आणि ती दोनदा बंद पडली. हार्डवेअर अपुरं आहे हे तिथे कळलं. खरं तर सप्टेंबर 2011 ला सगळं पूर्ण करायचं म्हणून सांगितलं होतं, ती तारीख हुकलेलीच होती, ती आणखी पुढे गेली. या सगळ्या काळात अमेरिकेच्या न्याय विभागाचे महानिरीक्षक आपले अहवाल जाहीर करत होते, तारीख हुकल्याचंही त्यांत होतं. म्हणजे प्रकल्पाला उशीर झाला आणि तरी नियंत्रण सुटलं नाही. आपल्याकडे उशीर आणि नियंत्रण सुटणं या दोन गोष्टी एकच मानल्या जातात, आणि म्हणून लोक उशीर लपवतात.

उलट बाजूचं उदाहरण ब्रिटनचं. सहा वेगवेगळे सरकारी भत्ते एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' आणायचं ठरलं. मुदत कमी होती म्हणून संबंधित खात्याने ॲजाइल निवडलं, पण त्याचा अनुभव खात्याला फारसा नव्हता. सप्टेंबर 2013 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. एप्रिल 2013 पर्यंत 42.5 कोटी पौंड खर्च झाले होते आणि 3.4 कोटींची आयटी मालमत्ता निकामी म्हणून सोडून द्यावी लागली होती. 2012 च्या मध्यापासून कार्यक्रमाचे जबाबदार अधिकारी वारंवार बदलले होते. आतले लोक किल्ल्यात बसल्यासारखे वागत होते आणि वर फक्त चांगल्या बातम्या जात होत्या, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

याच कार्यालयाने जुलै 2012 मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, ॲजाइल कामावर देखरेख कशी ठेवावी यावर एक पुस्तिका काढली होती. देखरेखीचं प्रत्येक काम धंद्याच्या उपयोगाचं असावं आणि त्यापायी उशीर होऊ नये, वरिष्ठ, वापरणारे आणि टीम या सगळ्यांनी गुणवत्तेची जबाबदारी वाटून घ्यावी, तपासणाऱ्यांनी कागदांइतकंच टीमच्या वागण्याकडे पाहावं, असा तिचा सूर. तत्त्व ठाऊक होतं. ते चालवायला खुर्चीत टिकून राहणारा माणूस नव्हता.

आपल्याकडचंही एक आठवून पाहा. 7 जून 2021 ला आयकर विवरणपत्रांचं नवं पोर्टल देशभर एकाच दिवशी सुरू झालं. पहिल्या दिवसापासून तक्रारी होत्या. ऑगस्टच्या 23 तारखेला अर्थमंत्र्यांनी कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला, आणि विवरणपत्रांची मुदत वाढत वाढत डिसेंबरअखेरपर्यंत गेली. वरातीमागून आलेलं घोडं कितीही सजवलेलं असलं तरी नवरदेवाच्या काय कामाचं? असा जाब सुरू होण्याच्या आधी, थोड्या करदात्यांना आणि सीएंना प्रणाली देऊन, विचारायचा असतो.

आता पैशांकडे येते, कारण माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं. कंपन्यांचं बजेट मार्चमध्ये ठरतं, वर्षभराचं, प्रकल्पाच्या नावाने. एकदा रक्कम मंजूर झाली की ती खर्च करणं हे यश मानलं जातं. ऑगस्टमध्ये कळलं की अर्धं काम नको आहे, तरी कुणी बोलत नाही. आपला निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही धास्ती असते. मग नको असलेलं सॉफ्टवेअर वेळेत आणि बजेटमध्ये तयार होतं, आणि त्याचा केकही कापला जातो. टीम दर दोन आठवड्यांनी शिकते आणि पैसे वर्षातून एकदा शिकतात, इथे सगळं अडतं.

माझं म्हणणं सोपं आहे. वर्षाची रक्कम राखून ठेवा, पण एका वेळी तीन महिन्यांचीच सोडा. तीन महिन्यांनी काय चालतंय ते पाहा, कुणी वापरतंय का ते विचारा, आणि मग पुढचा हप्ता. घर बांधताना बँक कर्ज असंच देते. जोत्यापर्यंत काम आलं की एक हप्ता, स्लॅब पडला की पुढचा, आणि बँकेचा माणूस साइटवर येऊन स्लॅब बघून जातो. फोटो पाठवून भागत नाही. जी शिस्त आपण दोन खोल्यांच्या घराला लावतो ती कोट्यवधींच्या सॉफ्टवेअरला का लावत नाही?

फायनान्सचे लोक यावर रास्त शंका काढतात. भारतीय लेखा मानक 38 प्रमाणे संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो आणि विकासाचा खर्च काही अटी पूर्ण झाल्या तरच मालमत्ता म्हणून धरता येतो. स्प्रिंटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, मग वाटणी कशी करायची? अडचण खरी आहे. पण या कामासाठी अकाउंट्समधला एक माणूस सुरुवातीपासून टीमबरोबर बसला तर ती सुटते, हे मी पाहिलं आहे. वर्षअखेरीला टाइमशीटांवरून अंदाजपंचे वाटणी करण्यापेक्षा ते आकडे कितीतरी खरे निघतात. शिवाय तो माणूस डेमोला बसतो, आणि साहेबांपर्यंत खरी स्थिती न्यायला आणखी एक वाट तयार होते.

मोजमापाबद्दल थोडक्यात. टीमच्या वेगाचे पॉइंट, म्हणजे कोणतं काम किती मोठं याला टीमने दिलेले आकडे, वरच्या मजल्यावर नेऊ नयेत. एकदा एका मॅनेजरनी दोन टीमच्या वेगाची तुलना करणारा तक्ता भिंतीवर लावला. तीन स्प्रिंटमध्ये मागे असलेल्या टीमचे पॉइंट जवळपास दुप्पट झाले. काम तेवढंच होतं, फक्त तीनचं काम पाचचं म्हणायला लागले होते. पॉइंट हे टीमने स्वतःच्या अंदाजासाठी ठेवलेलं माप आहे, ते तिथेच राहू द्यावं. वर जायला हवीत ती उत्तरं वेगळी: गेल्या तीन महिन्यांत वापरणाऱ्यांच्या हातात काय पडलं? ते रोज वापरतात का? जुन्या एक्सेल शीट बंद झाल्या का? डिस्पॅचला आजही दोन वह्या चालू असतील तर आमचं मॉड्यूल झालेलं नाही, मग बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, निर्णय घेणारा माणूस एक हवा. स्क्रम ही ॲजाइल कामाची एक रीत. तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर, म्हणजे आधी काय बनवायचं हे ठरवणारा, ही एक व्यक्ती असते, समिती नसते, असं सरळ लिहिलेलं आहे. आपल्याकडे ही खुर्ची बहुतेक वेळा एखाद्या तरुण बिझनेस ॲनालिस्टला मिळते. तिला नाही म्हणायचा अधिकार नसतो. सेल्सवाले सांगतात ते घ्यायचं, प्लांटवाले सांगतात तेही घ्यायचं, आणि दोघांचं जुळलं नाही की "वर विचारते." वर विचारून उत्तर यायला तीन आठवडे लागतात, तोवर स्प्रिंट होऊन जातो. अधिकार द्यायचा नसेल तर त्या मुलीला प्रॉडक्ट ओनर म्हणू नका. तिच्यावर तो अन्याय आहे.

आणि तिसरं, वाईट बातमी. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आपल्या ऑफिसांतून फार मनापासून पाळली जाते. डेव्हलपरला मंगळवारी कळतं की हे जमत नाही. लीड म्हणतो, दोन दिवस बघू. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, क्लायंटला आत्ता नको सांगायला. डिलिव्हरी हेड म्हणतो, तोडगा घेऊनच वर जाऊ. हिरवा ठिपका पिवळा व्हायला दोन महिने लागतात. यात कुणी बदमाश नसतो. प्रत्येक जण आपल्या वरच्याला त्रास होऊ नये म्हणून झटत असतो. मी तेच केलं होतं. हे बदलायचं असेल तर सुरुवात वरून व्हावी लागते, आणि ती एका प्रसंगात ठरते: पहिल्यांदा कुणी भर बैठकीत "हे चालत नाहीये" म्हणतो तेव्हा साहेब काय करतात? "आधी का नाही सांगितलं?" असं आवाज चढवून विचारलं की पुढचं वर्षभर कुणी काही सांगत नाही. "बरं झालं आत्ता कळलं, दाखवा कुठे अडलंय" असं म्हणून खुर्ची पुढे ओढली तर पुढच्या आठवड्यात आणखी दोन जण बोलतात.

"आम्हाला एवढा वेळ कुठे आहे?" हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे. हिशोब करून पाहू. दर दोन आठवड्यांनी एक तास म्हणजे वर्षाचे 26 तास. महिन्याची अडीच तासांची स्टिअरिंग कमिटी म्हणजे वर्षाचे 30 तास, शिवाय तिच्यासाठी स्लाइड बनवणाऱ्यांचे दिवस वेगळे. वेळ आजही जातोच आहे. तो उंटावरून शेळ्या हाकण्यात जातो, एवढंच.

बँकांचं वेगळं आहे, तिथे नियमच कडक, असंही सांगतात. नियम जरूर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार बँकेच्या संचालक मंडळाची आयटी धोरण समिती असावी लागते आणि ती तिमाहीत किमान एकदा भरावी लागते. एका तिमाहीत दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट बसतात. समितीने सहाही पाहावेत असं कुणी म्हणत नाही. पण त्या बैठकीची पहिली वीस मिनिटं तिमाहीत तयार झालेली गोष्ट पडद्यावर चालवून दाखवण्यात जावीत, आणि चालवणारी व्यक्ती शाखेतली असावी, याला कुठल्याही निर्देशाची आडकाठी नाही. कोणता बदल कुणी तपासला, कुणी मंजूर केला याची नोंद हवीच. ती आता कोड ठेवतो तिथेच आपोआप राहते. ऑडिटसाठी वेगळी फाइल रंगवत बसायची गरज उरत नाही.

सेवा देणाऱ्या कंपन्यांतल्या, म्हणजे हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या माझ्या असंख्य सहकाऱ्यांसाठीही हे लिहिते आहे. किंमत, तारीख आणि कामाची यादी तिन्ही बांधलेल्या करारात स्प्रिंट घातले की त्याचा भार शनिवार-रविवार ऑफिसात बसणाऱ्या पोरांवर येतो. प्रत्येक नवी गोष्ट 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे ठरलेल्या कामात बदलाची वेगळी मागणी, होते आणि दोन्ही बाजूंचे मॅनेजर कामाऐवजी ती कुणाच्या खिशातून यावर महिनोन्‌महिने भांडतात. किंमत आणि तारीख बांधा, काम मोकळं ठेवा, आणि तिमाहीच्या शेवटी महिनाभराची नोटीस देऊन दोघांनाही बाहेर पडता येईल असा करार करा. कोड पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या ताब्यात राहू द्या. पुढची तिमाही मिळावी म्हणून सेवा देणारा चांगलं काम करील, आणि नोटिशीची भीती नसलेला ग्राहक खरं काय ते बोलेल.

आमच्या त्या कारखान्यात नंतर हे थोडं जमलं. सप्लायरांसाठी पोर्टल करायचं बजेटमध्ये होतं, रक्कमही चांगली मोठी. दुसऱ्याच डेमोला आम्ही भोसरीतले चार लहान वर्कशॉपवाले बोलावले आणि कंपनीचे फायनान्स प्रमुख हट्टाने येऊन बसले. वीस मिनिटं स्क्रीन पाहून झाल्यावर त्यांनी समोरच्या माणसाला विचारलं, "खरं सांगा, वापराल का हे?"

त्याने पिशवीतून एक वही काढली. पानापानावर कंपन्यांची नावं आणि खाली पासवर्ड. "साहेब, माझी सात गिऱ्हाइकं आहेत आणि सातांची सात पोर्टलं. आणखी एक कशाला? माझं बिल कधी पास झालं आणि पैसे कधी येणार, एवढं मोबाइलवर कळवा."

फायनान्स प्रमुखांनी वही हातात घेऊन दोन पानं उलटली आणि परत दिली. पोर्टलचं काम त्यांनी त्याच दुपारी थांबवलं. बिल पास झाल्याचा मेसेज पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये सुरू झाला.